वानखेडे मॅडम आणि माहुलची विहीर

वानखेडे मॅडमकडे पाणी मागितलं, की त्या आधी विचारायच्या, "कुठलं देऊ?" त्यांच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात येऊर, दहिसर, अमरावती अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या असत. "माणसं विसरतात, पाणी आपलं गाव विसरत नाही," असं त्या म्हणत.

त्यांचं सगळं संशोधन यावरच होतं. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू असतात. उन्हात हलकं पाणी आधी उडून जातं, त्यामुळे उघड्या तलावातलं पाणी जड होतं. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी हलकंच राहतं. एवढ्या फरकावरून मॅडम पाण्याचा माग काढत. मी चारकोपहून त्यांच्याकडे पीएच.डी.ला जायचे.

माहुलच्या कोळीवाड्यात भर उन्हाळ्यातही न आटणारी एक विहीर होती. तिचं पाणी आमच्या तपासणीत जड निघालं. म्हणजे झरा नाहीच, पालिकेच्या फुटक्या पाइपातून तलावाचं पाणी झिरपतंय, असा निबंध मॅडमनी छापला. त्याच्याच आधारावर विहीर बुजवून पार्किंग करायचं ठरलं.

काही महिन्यांनी कपाट आवरताना मला त्या खेपेच्या बाटल्या दिसल्या. झाकणं सैल होती. ती मीच लावली होती. तपासणीआधीच पाणी बाटलीतून उडून जड झालं होतं! दोन दिवस मी ते लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं.

"दोन दिवस काहून थांबलीस?" चिडल्या की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची.

"पुढच्या आठवड्यात तुमचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे ना, मॅडम."

"अन् तोवर विहीर बुजवली तर? चल, ताजं पाणी आणू."

ताजं पाणी हलकं निघालं. झरा खरा होता. मॅडमनी निबंध मागे घेतला. 'बाटल्यांची झाकणं मी तपासून घेतली नाहीत,' एवढंच कारण लिहिलं. प्रमोशन हुकलं.

मग त्या मला घेऊन कोळीवाड्यात गेल्या. बायका सुकट निवडत बसल्या होत्या. "विहिरीला झरा आहे. चूक आमची," मॅडम म्हणाल्या. मीही म्हटलं, "झाकणं मी सैल ठेवली होती."

त्यांच्यातली म्हातारी हिराबाई म्हणाली, "चूक सगल्यांच्या हातून व्हते, बाय. पन दारात येऊन सांगतं कोन?"

विहीर वाचली. मॅडम मात्र प्रोफेसर न होताच निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी त्यांच्या शेवटच्या आजारात घाटकोपरच्या हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "तेव्हा माझा राग नव्हता आला?"

"आला होता ना, खूप आला होता," त्या म्हणाल्या. "पण तू बोलली नसतीस, तर मी त्या चुकीवर प्रोफेसर झाले असते गं."