वाढत्या अंगाचा माउथ ऑर्गन

आमचे हे शिंपी. जन्म गेला लोकांची मापं घेण्यात, पण स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की यांचा गोंधळ ठरलेला. चप्पल घेतील ती एक नंबर मोठी, पातेलं आणतील ते चार घरं जेवतील एवढं. गणवेश शिवायला आलेल्या आयांना सांगायची सवय ना, "वाढतं अंग आहे, सैलच शिवतो." मी म्हणायचे, "अहो, पण तुमचं अंग वाढायचं राहिलंय का आता?" तर नुसते हसायचे.

यंदा यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले, पण दम काही परत आला नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि दुकान वर, जिना अरुंद आणि उभा. हे अर्ध्यात कठड्याला धरून थांबायचे आणि तोंड पाडून परत खाली यायचे. दुकान मी उघडत होते, पण मला येतं काय, तर काजं-बटणं आणि चेन बदलणं. कात्री यांची. भावजी म्हणाले, "दादाला झेपत नसेल तर गाळा देऊन टाका कुणाला तरी." हे "बघू" म्हणाले. यांचं "बघू" म्हणजे निम्मा होकार.

मग श्वासाचे व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "काका, माउथ ऑर्गन घ्या. फुंकलं तरी सूर येतो, श्वास आत ओढला तरी येतो. छाती सुधारेल." कोणता घ्यायचा, ते मात्र ती बोलली नाही. भावजींनी छातीठोकपणे सांगितलं, बटणाचाच घ्या, त्यात सगळे सूर असतात. भावजींनी आयुष्यात शिट्टीसुद्धा धड वाजवलेली नाही.

वाद्यांच्या दुकानात गेलो तर काचेखाली हे एवढे प्रकार. एका ओळीत भोकं असलेले, दोन ओळींचे, बाजूला बटण असलेले, आणि प्रत्येकावर कुठलं तरी इंग्रजी अक्षर. दुकानदारीण म्हणाली, "नवशिक्याला दहा भोकांचा, सी अक्षराचा. म्हणजे पेटीची पांढरी एक पट्टी." मला पांढरी कळली नाही, काळी विचारायची हिंमत झाली नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

तोंडाला लावून बघायची तिथे सोय नाही. त्यासाठी तिच्याकडे पायाने दाबायचा भाता होता. त्यावर तिने दहा भोकांचा ठेवला, बारीकसा सूर निघाला. मग यांनी बोट दाखवलं म्हणून दोन ओळींचा लांबलचक ठेवला, तर काय आवाज, भरलेला, थरथरता. यांचा चेहरा उजळला. "हाच द्या. लहान घेतला तर उद्या पुरायचा नाही." ती काही सांगायला गेली, पण गिऱ्हाईक हटून बसल्यावर दुकानदार किती बोलणार?

घरी येऊन यांनी फुंकलं. एका भोकात फुंकावं तर चार बोलायची, तीही कण्हत, आणि मग खोकला. मी चिडवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी हसले असते. या वेळी म्हणाले, "अंगण सरळ आहे गं. नाचणाराच संपलाय." माउथ ऑर्गन कपाटात गेला आणि यांनी भावजींना निरोप धाडला, गाळा बघायला माणूस आण.

मला असा राग आला. कुणाचा, तेच कळेना. भावजींचा, त्या व्यायामवाल्या बाईचा, की त्या मेल्या पत्र्याचा? तो पिशवीत टाकला आणि वाद्यांचं दुकान गाठलं. "हा परत घ्या."

"तोंड लागलेलं परत घेत नाही, ताई."

मग मी सगळंच सांगितलं, न्यूमोनिया, जिना, गाळा. तिने भाता पुढे ओढला. लांबडा भात्यावर ठेवून म्हणाली, "दाबा." मी दाबला, सगळा भार टाकला तेव्हा कुठे वाजला. मग दहा भोकांचा ठेवला. "आता दाबा." पाऊल नुसतं टेकवलं तर वाजला.

"मोठ्यात एका सुराला आतल्या दोन पातळ पत्त्या हलतात, वारा जास्त लागतो. त्या दिवशी भाता मी दाबत होते."

म्हणजे यांनी माप घेतलं ते भात्याचं. भात्याला कुठे न्यूमोनिया झाला होता?

दहा भोकांचा घेऊन घरी आले. हे म्हणाले, "एवढासा?"

"एवढासाच. तुमच्या मापाचा आहे. हळू फुंका."

हळू फुंकलं, एक सूर आला. श्वास ओढला, दुसरा आला. खोकला आला नाही. कोणता सूर तो, यांना कळलं नाही, मलाही नाही. हे त्या भोकांकडे हरवलेली सुई शोधावी तसे बघत बसले, आणि पुन्हा फुंकलं. मग रोजचंच झालं. गाणं म्हणाल तर एकही नाही, नुसतं आत-बाहेर.

तो गाळा बघणारा माणूस आज-उद्या करत बरेच दिवस लांबला. अखेर यायचा ठरला त्या सकाळी मी वर एकटीच होते. जिन्यात सूर वाजला. थांबला. मग आणखी जवळून वाजला. उठून बघावंसं वाटलं, पण मी बघतेय कळलं तर लाजून परत फिरतील. सुईत दोरा ओवत बसले, तो काही ओवला जाईना, डोळेच भरून आले होते.

हे दारात आले. घामाघूम. मी म्हटलं, "आलात?" यांनी थांब म्हणून हात केला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.

भावजी त्या माणसाला घेऊन आले तोवर यांनी गळ्यात टेप अडकवली होती. "काय शिवायचंय?" एवढंच विचारलं. तो माणूस भावजींकडे बघत राहिला.

ते गेल्यावर मी विचारलं, "तो लांबडा देऊन टाकू का कुणाला?"

यांनी कापडावर खडूने रेघ मारली. "राहू दे," म्हणाले. "वाढत्या अंगाला होईल."