सुनीता आधी बाईंशी बोलली

"घसा ठणठणीत आहे. मुलगी बोलू शकते, पण बोलत नाही," पालघरचे डॉक्टर म्हणाले. माझ्या मुलीच्या आजाराला त्यांनी 'फंक्शनल अफोनिया' म्हटलं. म्हणजे स्वरयंत्र निरोगी असतं, पण मनावरच्या ताणानं आवाज बंद होतो.

सुनीता तेव्हा आठवीत होती. दिवाळीनंतर एका सकाळी तिचा आवाज गेला, तो परतलाच नव्हता.

मला वाटलं, गोळ्या देतील. डॉक्टर म्हणाले, "शाळा सोडवू नका. तिथं असं माणूस शोधा, जे तिला 'बोल' म्हणणार नाही."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या आमच्या शाळेत समुपदेशक हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. हेडमास्तरांनी शिवणाच्या बाईंना गळ घातली. बाई जवळच्याच पाम गावच्या. मधल्या सुट्टीत त्या सुनीताला शिवणाच्या खोलीत बसवून घेऊ लागल्या.

एक दिवस त्यांचा निरोप आला, "पोर बोलली." आनंद व्हायला हवा होता. मला झोंबलं. घरी ती अजून मुकीच होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो. आत सुनीता म्हणत होती, "बाई, तुमचीच टीप वाकडी हाय, आणि मला ओरडता!"

घरी आम्ही 'आहे' म्हणायचो, हे 'हाय' तिनं बाईंकडून उचललं होतं. तेही मला खुपलं. मी आत शिरलो. ती गप्प झाली.

"मग बाईंकडंच राहा," मी म्हणालो.

तिचा आवाज शाळेतही बंद पडला.

घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठली पाळी करता?"

कारखान्यात माझी बहुतेक रातपाळीच. बोईसरलगतच्या सरावलीत आमची एकच खोली. मी दिवसा झोपायचो. "हळू, बाबा झोपलेत," हेच ऐकत सुनीता वाढली. त्या दिवाळीनंतर ती शाळेचं भाषण मोठ्यानं पाठ करत होती. मी उठून तिच्यावर हात उगारला. दुसऱ्या सकाळी आवाज गेला होता. हे मी डॉक्टरांपासून लपवलं होतं. त्या दिवशी सांगितलं.

तिथून बाईंकडे गेलो, माफी मागितली.

"मला काय सांगता? तिच्या बाजूला बसा. बटणं लावा. आणि तिला बोल म्हणायचं नाय."

मग पाळी सुटली की झोप मागे सारून मी मधल्या सुट्टीत शर्टांना बटणं लावत बसू लागलो. मुली फिदीफिदी हसायच्या.

एकदा सुनीता म्हणाली, "बाई, बाबांना सुईत दोरा पण ओवता येत नाय!"

बोलली ती बाईंशीच. मला पुन्हा झोंबलं. पण मी सुई तशीच धरून बसलो.

"द्या इकडं, बाबा," ती म्हणाली.

आता तिचं लग्न झालंय. काही झालं की पहिला निरोप अजूनही पामला जातो. हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू? पण तुमचं मूल तुमच्याआधी दुसऱ्या कोणाशी बोललं, तर त्या माणसाचे उपकार माना आणि दाराबाहेर थांबा.