कांचघरच्या मशीनचे आठ

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी आम्ही घरात बोलतो, उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी, त्यामुळे मराठी लिहायचा सराव नाही. शिवाय जे सांगणार आहे त्यात माझी हुशारी कमी आणि गोंधळ जास्त. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'तुझ्या कामाबद्दल काही लिही' असं मोठ्यांनी सांगितलं, म्हणून धीर करतो आहे.

कॉलेज करता करता मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये संध्याकाळी कॉम्प्युटरचं काम बघायचो. लॅब सिविल लाइंसमध्ये, तिची छोटी शाखा कांचघरला. पेशंटांचे सगळे रिपोर्ट सिविल लाइंसच्या मशीनवर. रोज संध्याकाळी त्यांचा बॅकअप त्याच मशीनवर तयार व्हायचा, आणि आठ वाजता कांचघरचं मशीन आपोआप त्याची एक कॉपी आपल्याकडे ओढून घ्यायचं. निदान ठरवलेलं तसं होतं. सिविल लाइंसची डिस्क जुनी, मधूनच कुरकुरायची. ती गेली असती तर रिपोर्ट आणि बॅकअप दोन्ही गेले असते, उरली असती फक्त कांचघरची कॉपी. आणि नेमकी तीच येत नव्हती.

स्क्रीनवर रोज हिरवी खूण दिसायची, काम पूर्ण म्हणून. फोल्डर उघडलं की आत कधीचीतरी जुनी कॉपी. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की आजचा तयार बॅकअप सापडला नाही. सापडला नाही म्हणजे? सिविल लाइंसचं मशीन म्हणायचं, बॅकअप पावणेआठला झाला. कांचघरचं म्हणायचं, मी आठला बघितलं, काही नव्हतं. मला दोघांचंही खरं वाटायचं.

पासवर्ड बदलला, केबल बदलली, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. एकदा शाखा बंद व्हायच्या आधी कॉपी हाताने सुरू केली, तर सरळ आली. दुसऱ्या दिवशी आपोआप व्हायची वाट पाहिली, तर पुन्हा नाही. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना.

लॅब सांभाळणाऱ्या ताई नागपूरकडच्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे रे. रोज येऊन बटण दाबत जा."

"परवापासून परीक्षा आहे ताई. नाही जमणार."

"मग काहून नाही होऊन राहिलं ते शोध ना. डिस्क काय तुझ्या परीक्षेसाठी थांबणार आहे?"

घरी जेवताना आईने विचारलं, "चेहरा काहून उतरला?"

"कॉपी होऊन नाही राहिली, आई."

"करू पण नोको," आई म्हणाली. "अभ्यास करून पास हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कांचघरला मशीनसमोरच बसून राहिलो. आठ वाजले, कॉपी सुरू झाली आणि लगेच संपली. हिरवी खूण. मी सिविल लाइंसला ताईंना फोन लावला.

"ताई, आठ वाजून गेले. आजही काही आलं नाही."

"कुठचे आठ? इथे बॅकअप चालूच आहे अजून. साडेसात होऊन राहिले."

मोबाइल कानापासून दूर नेऊन पाहिला. खरंच साडेसात. मशीनवर आठ.

शाखेचे मॅनेजर काउंटरवर होते. मी विचारलं, "भैया, इस मशीन का टाइम?"

"आधा घंटा आगे रखा है," ते सहज म्हणाले. "हाजिरी इसी पे लगती है ना. पहले लोग दस के साढ़े दस करते थे."

"सबको पता है?"

"सबको पता है. फिर भी टाइम पे आते हैं."

आमच्या घरातलं घड्याळही पुढेच असतं, बाबांची पाळी चुकू नये म्हणून. मनातल्या मनात ती मिनिटं वजा करतच मी मोठा झालो. मशीन वजा करत नाही, एवढंच लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आठला बॅकअप अर्धवट असायचा, म्हणून ते सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी ते फक्त त्या नव्या दिवसाचा बॅकअप शोधायचं, आदल्या दिवसाचा नाही.

"टाइम ठीक कर दूँ?" मी मॅनेजरना विचारलं.

"मत करना भैया. कल से सब फिर साढ़े दस बजे आएँगे."

मग मी घड्याळ तसंच ठेवलं आणि कॉपीची वेळ त्याच घड्याळाने पावणेनऊ केली. त्या संध्याकाळी कॉपी आपोआप आली. पण एक दिवस आली म्हणजे रोज येईल का? आलेली कॉपी गरज पडल्यावर उघडेल का? हिरव्या खुणेवरचा माझा विश्वास उडाला होता, आणि सकाळी पेपर होता.

पेपर चालू झाले. प्रश्न वाचतानाही मध्येच ती डिस्क आठवायची. दोनदा ताईंना फोन करावासा वाटला, पण वाईट ऐकायला लागेल म्हणून केला नाही.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा त्यांचाच फोन आला.

"डिस्क गेली सकाळी," त्या म्हणाल्या. मी चालता चालता थांबलो. "ऐकून राहिला ना? नवी डिस्क टाकली. कांचघरहून सगळं परत आणलं. काल संध्याकाळपर्यंतचे रिपोर्ट उघडून राहिले."