कासऱ्याने बांधलेली कोपरं

माझ्या दंडात तेव्हा दोन रेड्यांचं बळ होतं. हवं तर एक रेडा कमी धरा, पण त्याखाली मी उतरणार नाही. अंमल निजामाचा होता, आणि मी घाटनांदुरच्या तालमीत शड्डू ठोकला की पाटोद्याच्या कचेरीत दौती कलंडत, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

एकदा नांगराचा फाळ बोथटला म्हणून तो बैलावर लादून गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्याच्या पालावर गेलो. त्यांची रीत अशी, की नवरा सांडशीत लोखंड धरून बसतो अन् घण बायको मारते. पैलवानाच्या फाळावर बाईचा घाव? मीच मारणार म्हणालो. घिसाड्याने फाळ भट्टीत सरकवला. बायकोने घण माझ्या हाती दिला, पण ती जागची हलली नाही.

फाळ लालबुंद होऊन ऐरणीवर आला. पहिला घाव बरा बसला. दुसऱ्याला, बघणारे चार लोक जमले होते म्हणून, मी दोन्ही कोपरं घारीच्या पंखांसारखी पसरली. घण वरून येता येता तिरका झाला आणि ऐरणीच्या कडेला आपटला. घिसाड्याची मूठ तिथून वीतभर लांब. त्याने हात मागे घेतला नाही. बायकोच्या तालावर डोळे मिटून फाळ फिरवायची त्याला सवय. आता ताल माझा होता.

"पैलवान," बाई हळू आवाजात म्हणाली, "त्या सांडशीमागं माझं कुंकू हाय."

मग तिने समजावलं. कोपर बरगडीला धरून ठेवायचं, जोर कमरेतून काढायचा, मनगट अगदी शेवटी सोडायचं. मी मान डोलावली, घण उचलला, आणि कोपरं पुन्हा बाहेर. तालमीत अंग फुगवून चालायची खोड, ती अशी कशी जाणार?

मी घण हवेतच थांबवला. फाळाची लाली उतरत होती, आणि पुन्हा तापवला तर टोक जळेल असं घिसाडी पुटपुटला.

"घण तरी द्या, न्हाईतर कोपरं तरी," बाई म्हणाली.

बघ्यांसमोर घण कसा देणार? मी कोपरं दिली. तिने माझ्याच बैलाचा कासरा घेऊन माझे दोन्ही दंड छातीशी आवळले. लोक हसले. ती हसली नाही. प्रत्येक घावाला ती फाळाकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या मुठीकडे बघत होती. घण खाली येताना आयुष्यात प्रथमच मला माझ्या ताकदीची धास्ती वाटली, आणि कंबर आपोआप फिरली. घाव सरळ पडत गेले. टोक निघालं.

फाळ पाण्यात चर्रर्र झाला, घिसाड्याने मूठ सोडली, तेव्हा कुठे तिने गाठ सोडली.

परतताना सगळ्यांना सांगितलं, आमच्या तालमीत घण असाच मारतात. सिरसाळ्याचे दोघे पैलवान अजून तसेच दंड बांधून घण मारतात म्हणे.