भोंग्यावरचं आवतन

पवनीच्या कबड्डी स्पर्धेत दीपमाला बातमी करायला आली की सामन्याआधी तिचाच निकाल लागायचा. जीन्स घातली काहून? लगन झालं का? घरी भात कोण शिजवते? तिच्याच दैनिकातला नीलेश मात्र ढेकर देत खुर्चीत रेलायचा. त्याच्या भाताची चौकशी कुणी केली नाही.

यंदा संपादकांनी बजावलं होतं, "विजेत्या कर्णधाराची मुलाखत आण. नाहीतर खेळाचं पान नीलेशकडे आणि तू पाककृतीकडे." आणि दीपमालेला तर फोडणी देतानाही चढाई दिसायची!

महिलांचा अंतिम सामना संपला. पत्रकारांच्या सत्कारात शाल पांघरवायच्या निमित्ताने आयोजक भय्याजींचा हात तिच्या खांद्यावरून कमरेपर्यंत उतरला. तिने तो झटकला. भय्याजी कानाशी लागले. रंगमंचावरचा खलनायक अशा वेळी निदान मिशी तरी पिळतो. यांना तीही नव्हती.

"मुलाखत पाह्यजे ना? संध्याकाळी फार्महाऊसवर जेवाले ये. एकटीच. नाही तं कर्णधार पोरीले बोलू देणार नाही."

दीपमाला तडक नीलेशकडे गेली. तिने नीलेशला सांगितलं.

"जाय ना! मी तं दरसाल जातो. मटण झकास राह्यते."

"तुह्या कमरेवर हात ठेवते का थो?"

नीलेश शेंगा सोलत राहिला.

इथली रीत अशी, की मैदानावर दिलेलं आवतन भोंग्यावर सांगायचं. नाहीतर पाहुणे रुसतात. समालोचक डोमा पाणी प्यायला वळला, तसा दीपमालेने माईक उचलला. समालोचकाच्याच सुरात सुरुवात केली.

"मंडळी, भय्याजीनं मले कानात जेवणाचं आवतन देल्लं. एकटीच ये म्हणते, तरच मुलाखत. मले एकटीले घास उतरत नाही. तवा समदेच या! कर्णधार तृप्तीची माय, भय्याजीच्या घरच्या विमलाकाकू, पोरंबाळं, समदे!"

 बायकांच्या बाजूने असा हशा उसळला की कनात हलली. विमलाकाकूंनी नवऱ्याकडे पाहत पदर खोचला. "चला, वाढाले मी हावोच!"

संध्याकाळी फार्महाऊसवर पंगत बसली आणि तोवर सगळं कानावर गेलेल्या संपादकांचा फोन आला. "भय्याजींशी संबंध बिघडवलेस. मला गुपचूप सांगायचं होतंस!"

"गुपचूप तर तेही सांगत होते, सर."

"मुलाखत नीलेश घेईल."

शेजारी जेवणाऱ्या तृप्तीने फोनच ओढला. "सर, मी दीपमालाताईशीच बोलीन. नीलेशभाऊ आले तं मीच पहिले विचारीन, घरी भात कोण शिजवते?"

दुसऱ्या दिवशी खेळाच्या पानावर दीपमालेचं नाव छापून आलं. फोटोत तृप्ती चषक घेऊन हसत होती. मागे भय्याजी वाकून उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते.