मोराची मान

मनोहरराव कासार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते येवल्याला, आमच्या घरी. सासऱ्यांनी नवे घर बांधले होते आणि पुढच्या खोलीत पैठणी विणणाऱ्यांच्या घराला शोभेल असा झोपाळा हवा, असा त्यांचा आग्रह होता. नाशिकच्या मनोहररावांचे नाव कोणीतरी सुचवले. ते आले, छताच्या हुकांकडे एकवार पाहिले आणि सरळ मी विणत बसले होते त्या मागापाशी येऊन थांबले. मागावर बांगडी मोराचा पदर चालू होता. बांगडीसारखे गोल आणि त्यात नाचणारे मोर.

"ताई, थोडा वेळ इथं उभा राहिलो तर तुम्हाला अडचण नाही ना?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. ते इतका वेळ उभे राहिले की आत केलेला चहा दोनदा गरम करावा लागला.

मनोहररावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी जाणकार लिहितीलच. मी थोडक्यात सांगते. त्यांचे घराणे तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचे. भांड्यांचा धंदा मंदावल्यावर त्यांनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटी शेड घेतली, लाकूडकाम शिकून घेतले आणि धातू व सागवान एकत्र आणून खुर्च्या, बाकडी, दिवाण घडवायला सुरुवात केली. पांडवलेण्यांतल्या खांबांचे घंटेसारखे घाट त्यांच्या मेजांच्या पायांत उतरले. जुन्या देवळांच्या दारांवरची वेलबुट्टी बाकांच्या पाठींवर आली. हातोडीने ठोके देऊन तांब्याचा पत्रा चमकवण्याला मठारणे म्हणतात. घंगाळांवरचे ते मठारकाम त्यांनी खुर्चीच्या पाठीला दिले. त्यांच्या खुर्चीभोवती माणसे आधी फिरतात, मग बसतात.

आमच्या झोपाळ्यासाठी त्यांनी पैठणीतला बांगडी मोर पितळेत घडवला. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक बांगडी आणि तिच्यात मान वळवलेला मोर. पुढची कडी त्या मानेतच अडके, म्हणून वजन पेलणारा भाग तो मानेचाच. नमुन्याची कडी दाखवायला ते आले, तेव्हा सासरे ती हातात फिरवत म्हणाले, "मान फार जाड झाली हो. मोर कुठला, बदक वाटतंय."

"ती तेवढी लागेल, शेठ. भार तिच्यावर आहे."

"आमच्या पदरावरचा मोर बघा की. कसा नाजूक आहे! तसा करा, नाहीतर राहू द्या."

मनोहरराव उठले. कडी रुमालात गुंडाळून घेऊन गेले. झोपाळा टांगला गेला तेव्हा मोरांच्या माना खरोखरच पदरावरच्यासारख्या होत्या. गल्लीतली माणसे बघायला आली. सासूबाई रोज दुपारी त्यावर बसून लसूण सोलू लागल्या.

दिवाळीच्या आधी एक कडी मानेतच तुटली. फळी एका बाजूने खाली गेली आणि सासूबाई फरशीवर आपटल्या. खुब्याचे हाड मोडले. नाशिकच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करावी लागली.

मनोहररावांना माझ्या यजमानांनी फोन केला. ते लगेच आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आमचे सगळे नातेवाईक जमले होते. सासरे सर्वांदेखत म्हणाले, "पितळ हलकं वापरलंत तुम्ही. एवढं नाव ऐकून बोलावलं होतं तुम्हाला."

मनोहररावांनी हात जोडले. "चूक माझीच आहे."

मला राहवले नाही. "मामंजी, मान बारीक करा असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मी? मी कशाला सांगू त्यांच्या कामातलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मनोहरराव मात्र माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, राहू द्या. सांगणारं कोणीही असो, कानस माझ्या हातात होती. मानेला ती लावायची की नाही, ते मी ठरवायचं होतं."

एवढे बोलून ते खाली मान घालून भिंतीशी उभे राहिले. आमच्यापैकी कोणी त्यांना बसा म्हटले नाही. त्या व्हरांड्यातले ते खोटे आमच्या घराचे होते आणि ती लाज मी आजही सोबत घेऊन लिहिते आहे. माझे सासर तेच, माझे आडनाव तेच.

त्यानंतर मनोहररावांनी नवी कामे घेणे थांबवले आणि आजवर झोपाळे दिलेल्या प्रत्येक घरी स्वतः जायला सुरुवात केली. दारात उभे राहून ते आधीच सांगत, "माझ्या हातची एक कडी तुटून एक बाई पडल्या आहेत. तुमच्या कड्या तपासायच्या आहेत." कारागिराने स्वतःच्या तोंडाने असे सांगत गावोगाव हिंडणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी. काहींनी त्यांना आतही घेतले नाही. सटाण्याचे एक कांदा व्यापारी हसून अहिराणीत म्हणाले, "आमना झोका चांगला शे, भाऊ. ऱ्हाऊ द्या." तरीही मनोहररावांनी शिडी मागून घेतली आणि एकेक कडी उतरवून पाहिली. ही हकिकत मला त्यांच्या शेडमधल्या सुतारांनी सांगितली. मनोहररावांनी स्वतः कधी तिचा उल्लेख केला नाही.

सासूबाई घरी आल्यावर ते एक खुर्ची घेऊन येवल्याला आले. बैठक नेहमीपेक्षा उंच, पाठ सागवानी, हात पितळेचे आणि पुढे आलेले, म्हणजे उठताना धरता यावे. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केले. "ठेवा तिकडं," एवढेच म्हणाल्या. ते खुर्ची ठेवून गेले. काही दिवसांनी नाइलाजाने सासूबाई तिच्यावर बसू लागल्या, कारण घरातल्या दुसऱ्या कोणत्याच खुर्चीतून त्यांना आपले आपण उठता येत नव्हते.

पुढच्या खेपेला मनोहरराव आले तेव्हा त्याच आपणहून बोलल्या. "ते पितळ लय गार लागतं. थंडीत हात धरवत नाय."

मनोहररावांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना कोणी पदक दिले. त्यांनी खुर्ची परत नेली आणि पितळी हातांवर हाताला बसेल असे लाकूड चढवून आणली. सासूबाई चालू लागेपर्यंत त्यांची ये-जा सुरू होती. सासरे मात्र ते आले की मागच्या दाराने बाहेर जात.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी सासरे मला म्हणाले, "चल, अंबडला जायचंय." आम्ही एसटीने गेलो. शेडमध्ये सुतार, पॉलिशवाले सगळे कामात होते. सासरे मध्ये जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोराची मान मी बारीक करायला लावली होती. दवाखान्यात मी खोटं बोललो."

हातोड्या थांबल्या. मनोहरराव इतके संकोचले की जणू खोटे त्यांचेच पकडले गेले होते. "बसा ना, बसा," म्हणत त्यांनी स्वतःचे स्टूल पुढे केले आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.

"आमच्या घरी झोपाळा परत बांधा," सासरे म्हणाले.

"ते आता माझ्याकडून नाही होणार, शेठ."

"मी नाही सांगत. हिच्या सासूचा निरोप आहे. ती म्हणते, आढ्याला नुसते हूक बघून बघून भीती जात नाही."

 मनोहररावांनी कागद पुढे ओढला आणि मला म्हणाले, "ताई, मोर तुम्ही काढा. पण मानेला हात लावायचा नाही."

नवा झोपाळा टांगल्यावर त्यावर त्यांनी कोणाला बसू दिले नाही. शेजारच्या मळ्यातून कांद्याच्या गोण्या मागवल्या आणि फळीवर रचून ठेवल्या. येणारेजाणारे हसत. घरभर कांद्याचा वास. चांगले काही दिवस गोण्या तशाच झोपाळ्यावर राहिल्या. मग त्या उतरवून ते स्वतः बसले. शेवटी सासूबाई काठी टेकत आल्या, साखळी घट्ट धरून बसल्या. पाय त्यांनी जमिनीवरच ठेवले होते. झोका घेतलाच नाही, बसल्या मात्र. मनोहररावांना ते पाहवेना. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. सासूबाईंनीच हाक मारली, "अहो, बघा तरी इकडं. बसलेय मी."

पुढे माझ्या यजमानांना अंबडच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नाशिकला आलो. मनोहररावांनी मला बोलावून घेतले. "माझ्याकडे हात पुष्कळ आहेत. पण 'नको' म्हणणारं कोणी नाही. तुम्ही याल का?" पैठणी विणणाऱ्या बाईला खुर्च्यांचे काय कळणार, असे मी म्हणाले, तर म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही बोललात. मला तेवढं पुरे आहे." तेव्हापासून शेडमधल्या कामांची चित्रे मी काढते. मी 'नको' म्हटले की ते रागावतात, चहा पिऊन येतात आणि ते काम बाजूला ठेवतात.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी त्यांची परवानगी घ्यायला गेले. ते म्हणाले, "झोपाळ्याचं लिहिणार असाल तर लिहा. नुसतं कौतुक नको." मग मी येवल्याला फोन केला. सासरे आता थकले आहेत. ऐकून घेऊन म्हणाले, "लिही. आणि 'सासरे सासरे' करू नकोस. नाव घालून लिही." त्यांचे नाव त्र्यंबकराव.

गेल्या वर्षापासून मनोहररावांचे हात कापतात. छिन्नी घसरते. परवा शेडमध्ये शिकायला आलेल्या नव्या मुलींना ठोका कसा द्यायचा ते दाखवताना पत्र्यावर वेडावाकडा खड्डा पडला, तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि दिवसभर हात खिशातून काढले नाहीत. त्यांना वाटले, कोणाच्या लक्षात आले नसेल. आमच्या सगळ्यांच्या लक्षात आले होते, आणि आमच्यासमोर त्यांना लाजावे लागले याचेच आम्हाला वाईट वाटले.

मनोहररावांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आम्हा शेडमधल्या माणसांची एवढीच विनंती आहे, की त्यांनी रोज सकाळी यावे, आमच्यामध्ये बसावे आणि हात खिशात न घालता मेजावर उघडे ठेवावेत. कापत असले तरी.