भिंतीवरचा रॉड

माझं नाव एका गॅरेजच्या भिंतीवर टांगलेलं होतं. कौतुकाने नव्हे. आखाती मुलखातल्या मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गॅरेजात चहाच्या टेबलामागे एक वाकडातिकडा, तुटका कनेक्टिंग रॉड खिळ्याला अडकवला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहिलं होतं. ज्याच्या हातून इंजिन फुटलं त्याचं नाव त्याच इंजिनाच्या तुकड्यावर लिहायचं आणि टांगायचं, अशी तिथली रीत. गिऱ्हाईक चहाला बसलं की फोरमन त्या रॉडकडे बोट करून गोष्ट सांगायचा. गोष्टीतला मूर्ख अर्थातच मी.

आम्ही तिथे शर्यतीची इंजिनं बांधायचो. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, सरळ पट्टीवर जो आधी पोचेल तो जिंकला. सगळा खेळ श्वास रोखून धरता येईल एवढ्यात आटोपतो. त्यासाठी लागतं ते मोठं अमेरिकन व्ही-एट इंजिन, ज्याला धंद्यात बिग ब्लॉक म्हणतात. ताकद त्यात कुणीही भरू शकतो. ते न फुटता परत आणणं, हे खरं काम.

फोरमन सांगलीचा, मी कोल्हापूरचा. परमुलखात एवढं नातं पुष्कळ होतं. मी त्याला भाऊ म्हणायचो. जुळणी माझी आणि मापं त्याची. मोजायचं गेज तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवी. क्रँक त्याच्या एसी केबिनमध्ये, त्याच्या डोळ्यासमोर असायची. क्रँक म्हणजे इंजिनात फिरणारा मुख्य दांडा. पिस्टनचे रॉड त्याच्यावर बसतात आणि दोघांमध्ये तेलापुरती केसाहून बारीक जागा सोडावी लागते. ती जागा किती, हे फोरमन सांगायचा आणि आम्ही मान डोलवायची.

उन्हाळ्यात बांधलेलं ते इंजिन हिवाळ्यातल्या एका सकाळी पट्टीवर सुरू केलं आणि दुपारी एक रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. गॅरेजचे मालक, म्हणजे आमचे अरबाब, तिथेच होते. त्यांनी विचारायच्या आत फोरमन बोलला, "जिसने बांधा उसकी गलती, अरबाब. मेरा माप बराबर था." बोल्ट नीट आवळले नसणार, असंही वर जोडलं. मी आवळले होते. प्रत्येक बोल्ट पुन्हा पुन्हा तपासला होता. पण मला कोण विचारतंय? दुसऱ्या दिवशी त्याने सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं. मी नोकरी सोडली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण पुढच्याच माघी गणपतीत मोहम्मद बिन झायद सिटीत एकाच्या फ्लॅटवर आरतीला गेलो, तर हा फोरमन तिथे. हातात मोदक आणि तोंडात माझी गोष्ट. माझी बायको शेजारी बसली होती, मुलगी समोर. लोक हसले. वाईट मनाने हसले असं नाही, पण हसले. गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, इज इट ट्रू? डिड यू ब्रेक इट?"  रॉड का तुटला हे मलाच माहीत नव्हतं. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. त्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय हा देश सोडायचा नाही, असं मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालो. मुलगी दचकली.

त्याच वसाहतीत चार गल्ल्या सोडून मला काम मिळालं. तिथला मालक तरुण इमाराती, स्वतःची गाडी स्वतःच पळवणारा. त्याला इंजिनाची ताकद ऐकून लोकांनी तोंडात बोट घालावं असा आकडा हवा होता. मी त्याला म्हटलं, "हबीबी, नंबर दिखाने के लिए नहीं बनाएंगे. हर हफ्ते जीतने के लिए बनाएंगे." मला त्या फोरमनला एकदा हरवायचं नव्हतंच. त्याने दर आठवड्याला त्याचं इंजिन उघडून बसावं आणि आमचं नुसतं तेल बदलून पुन्हा रांगेत उभं राहावं, असं मला हवं होतं. म्हणून मी हावरटपणा टाळला. कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवलं. गरगर फिरवून ताकद काढण्यापेक्षा खालच्या फेऱ्यांतच जोर येईल असा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निवडला. तेलाची टाकी खोल घेतली. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा झिजायच्या आधीच बदलायच्या, हा नियम घातला. मालक कुरकुरला, पण इन्शाल्ला म्हणून गप्प बसला. खुन्नस असली की माणूस फार काळजीपूर्वक काम करतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

ऑगस्टात, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, एक दिवस मी रॉड धुऊन शटरजवळच्या पत्र्याच्या टेबलावर ठेवले आणि जेवून आल्यावर मोजले. मापं छान आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागायच्या आधी सवयीने पुन्हा मोजले. रात्रभर रॉड एसीच्या खोलीत होते. तेच रॉड, तेच गेज, आणि माप वेगळं! आमचे रॉड अ‍ॅल्युमिनियमचे, जुन्या गॅरेजातलेही तसेच, आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने चांगलंच फुगतं. शेडमध्ये तापलेल्या रॉडचं भोक मोठं भरत होतं, गार झाल्यावर तेच आवळत होतं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. फोरमन क्रँक मोजायचा गारेगार केबिनमध्ये, आणि रॉड आम्ही त्याला जेवणानंतर शेडमधून गरमागरम नेऊन द्यायचो. मापात जागा भरपूर दिसायची, ती मुळात तिथे नसायचीच. इथे शर्यती हिवाळ्यात, म्हणून बांधायचं सगळं उन्हाळ्यात. थंडीतल्या सकाळी इंजिन सुरू झालं की रॉड आणि क्रँकमधल्या बेअरिंगला तेल पुरणार कुठून? ते सकाळीच खरवडून निघायचं आणि त्याच दिवशी पुढे कधीतरी रॉड तुटायचा. कोल्हापुरात ही चूक कुणाच्या बापाला करता आली नसती. तिथल्या वर्कशॉपात एसीच नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "मग उद्याच्या उद्या जाऊन त्यांच्या अरबाबला सांगा की! सगळ्यांसमोर सांगा."

"नाही," मी म्हटलं. "भाऊ नवीन इंजिन बांधतोय. मोठं आहे. हिवाळा येऊ दे."

"म्हणजे?"

"म्हणजे फुटू दे."

ती पानात पोळी वाढून आत गेली. मी मात्र उरलेला सगळा उन्हाळा मजेत काढला. चार गल्ल्या पलीकडे कोणत्या खोलीत काय मोजलं जात असेल, हे डोळ्यासमोर आणून मी खुशाल शीळ घालत असे.

हिवाळा आला. शर्यतीच्या दिवशी सकाळी वाळवंटात चांगलाच गारठा होता. मी इंजिनावर घोंगडी टाकून तेल गरम करून घेतलं आणि मगच स्टार्ट केलं. पलीकडे फोरमनने थंड इंजिन सुरू केलं आणि लोक बघताहेत म्हणून लगेच दोनदा ठणकावून रेस दिली. कुकरच्या शिट्टीकडे कान लावून बसावं तसा मी ऐकत होतो. मला बघून तो हसला आणि ओरडला, "काय, आज बोल्ट आवळलेत ना?" मी पण हसलो. इतकं मनापासून मी त्याच्याकडे बघून कधीच हसलो नव्हतो.

दिवसभर दोन्ही गाड्या जिंकत गेल्या. मला शंका यायला लागली की हा नशीबवान निघतोय. संध्याकाळी ऊन उतरताना अंतिम फेरीत आमची गाडी आणि त्याची गाडी शेजारी उभ्या राहिल्या. हिरवा दिवा लागला. अर्ध्या पट्टीवर धाडकन आवाज झाला, पांढरा धूर उठला, त्याची गाडी स्वतःच्याच तेलावर घसरत तिरकी झाली आणि कडेच्या भिंतीला घासत जाऊन थांबली. आमची पुढे निघून गेली. त्यांचा ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हेल्मेट काढून जमिनीवर बसला. तो बरा आहे एवढं पाहिलं आणि मी मान वळवून फोरमनचा चेहरा शोधला. मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर पहिल्याच कामाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून जुन्या गॅरेजात गेलो. मला माझा रॉड हवा होता. तर तो आधीच भिंतीवरून काढून चहाच्या टेबलावर ठेवलेला. खिळ्यावर दुसरा होता, ताज्या फुटीचा, आणि त्यावरचा पांढरा रंग अजून ओला होता. नाव माझ्यानंतर आलेल्या जुळणीवाल्याचं. चिपळूणचा माणूस, साधारण माझ्याच वयाचा. तो हातात चहाचा कप धरून उभा होता आणि चहा पीत नव्हता. अरबाब खुर्चीत बसले होते.

"ये ये," फोरमन म्हणाला. "तुझा घेऊन जा. जागा आता दुसऱ्याला लागली." मग अरबाबांकडे वळून म्हणाला, "जिसने बांधा उसकी गलती." शब्दसुद्धा बदलले नव्हते त्याने.

ज्यासाठी आलो होतो तो रॉड मी उचलला होता. तेवढ्यावर निघता आलं असतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी अरबाबांना म्हटलं, थोडा वेळ द्या. केबिनमधून एक नवा रॉड मागवला आणि फोरमनलाच मोजायला लावला. गेज त्याचं, हात त्याचा, म्हणजे उद्या कुणी मला खोटं पाडायला नको. त्याने आकडा मोठ्याने वाचला. मग मी चहाच्या किटलीतलं कढत पाणी बालदीत ओतून त्यात रॉड बुडवला, उन्हाळ्यातल्या शेडमध्ये हाताला चटका देतो तेवढा तापवला, पुसला आणि त्याच्या हातात दिला. "वाचा, भाऊ. मोठ्याने वाचा." त्याने वाचलं. या वेळी आकडा वर गेला होता आणि आवाज खाली.

अरबाब उठून जवळ आले. "गर्मी में रॉड कब नापते हो?"

 उत्तर चिपळूणकराने दिलं, "लंच के बाद, अरबाब. शेड से सीधा."

"खलास," अरबाब म्हणाले. फोरमनने ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली. ते मी डोळे भरून पाहून घेतलं.

बाहेर गाडीपाशी चिपळूणकर माझ्या मागोमाग आला. मला वाटलं, आभार मानायला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"ऑगस्टात."

तो मनात हिशेब मांडत असावा. "तेव्हा मी तेच इंजिन बांधत होतो."

"हो."

"त्या गाडीत माणूस बसला होता हो," तो म्हणाला.

"माझं तुमच्याशी काही नव्हतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. पण माझं आता तुमच्याशी आहे." आवाज चढवला नाही त्याने. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखीचं होतं. वळून तो आत गेला.

माझा रॉड मी घरी आणला. बायकोने तो पाहिला, चिपळूणकराचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात सांगितलं असतं तर?" मी तिच्यावर खेकसलो.

तो चिपळूणकर आता आमच्याच वसाहतीत दुसऱ्या गॅरेजात आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी बिग ब्लॉक बांधतोय. रॉड आणि क्रँक रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजतो, असं मला लोकांनी आवर्जून सांगितलं. घाई करत नाही म्हणे, आणि कामाच्या वेळी कुणाशी बोलतही नाही. मी आमचं इंजिन पुन्हा उघडलंय. सगळं ठीक आहे, तरी रोज सकाळी आलो की आधी रॉडना हात लावून बघतो.